कागदावरची मोटार

डेट्रॉइटच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या आधिपत्याखाली ‘आर्ट अँड कलर’ हे स्वतंत्र खाते उघडले, तेव्हापासून मोटारीचे बाह्यरूप हा केवळ यंत्रज्ञांच्या अखत्यारीतला विषय राहिला नाही.

मोटारीच्या रेखाटनात पहिली कसोटी चाकांची. तिरप्या कोनातून चाक लंबवर्तुळाकार दिसते, आणि त्या लंबवर्तुळाचा लघुअक्ष आसाच्या रेषेशी जुळला नाही, तर बाकीचे काम कितीही सुबक असो, गाडी जमिनीवर टेकलेली वाटत नाही. क्रोमचा बंपर त्याहून नाजूक. त्याला स्वतःचा असा रंगच नसल्यामुळे वर आकाशाची फिकट निळाई, मध्ये क्षितिजाची जवळजवळ काळी, धारदार कडेची पट्टी आणि तिच्याखाली भूमीचा तपकिरी रंग, एवढे प्रतिबिंब नेमके उतरले की कागद धातूसारखा झळकू लागतो. मार्करचा पट्टा ओला असतानाच त्याला पुढचा भिडवावा, अन्यथा सांध्यावर गडद रेघ उमटते. चकाकीचे ठिपके सर्वांत शेवटी पांढऱ्या गुवाशने द्यावेत.

अभ्यासासाठी माझी निःसंकोच शिफारस ‘हिरोहाता मर्क’ या मोटारीची आहे. सॅम आणि जॉर्ज या बॅरिस बंधूंनी कॅलिफोर्नियात १९५१ ची मर्क्युरी घेऊन तिचे छत कापून खाली आणले, खिडक्यांमधला खांब काढून टाकला आणि ब्यूकच्या क्रोमपट्टीच्या वर फिकट व खाली गडद अशा दोन हिरव्या छटा दिल्या. छताची ती सलग, उतरती रेषा मनगटाने नव्हे, खांद्यापासून हात फिरवूनच काढावी.