मोठे टायर आणि गाडीचा ब्रेक

मंडळी, बाजाराला भाजी नेणाऱ्या व्हॅनला जरा मोठे टायर चढवा, म्हणजे खाचखळग्यांत गाडी टेकणार नाही, असा सल्ला गॅरेजात सहज मिळतो. त्यात तथ्य आहेच. बैलगाडीचे चाक उंच असते ते काही उगीच नव्हे. पण बैलगाडी बैल ओढतात, चाक नुसते फिरत जाते. व्हॅनमध्ये इंजिन आसाला पीळ देते आणि चाक जमिनीला मागे रेटते. फरक पडतो तो इथे.

विहिरीवरचा हातरहाट आठवा. दोर गुंडाळायचा रूळ जाड केला, तर एका फेऱ्यात बादली जास्त वर येते खरी, पण हात भरून येतात. आणि भरली बादली मध्येच थोपवायची म्हटली, तर दांडा अधिक जोराने धरावा लागतो. टायरचेही तसेच.

१३ इंची रिमवरचा १५५/८० मापाचा टायर सुमारे ५७८ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याजागी १४ इंची रिमवर १६५/८० बसवला, की व्यास ६२० च्या घरात जातो. म्हणजे शेकडा ७ वाढ. गाडी उचलली जाते अवघी २ सेंटिमीटर! त्यापायी चढावरचा जोर मात्र कमी होतो, आणि पूर्वी बरोबर असलेला काटा ६० दाखवी तेव्हा गाडी ६४ ने धावत असते.

आता ब्रेक पाहा. ड्रम तोच, पायाचा दाब तोच. पण रस्त्यावर पोचणारी पकड घटते. शिवाय वेग थोडा वाढला तरी तो जिरवण्याचे काम वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तेवढ्याच दाबाने पूर्वी २० मीटरांत थांबणारी गाडी आता जवळजवळ २५ मीटर घेते. रिकाम्या गाडीत जोराने पाय दाबून भागेल. पण भरल्या गाडीने घाट उतरताना इंजिनचा रोधही कमी पडतो, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटू लागते. मोठे टायर आधीच बसले असतील, तर उतारावर नेहमीपेक्षा एक गियर खाली ठेवा. नवे घेताना गाडीच्या पुस्तिकेतलेच माप घ्या; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यालाही मनमानी फेरबदल मान्य नाहीत.

गुरुजींनी टायरवर खडूची खूण करून मुलांकडून एका फेऱ्याचे अंतर मोजवावे. वरच्या दोन टायरांत ते सुमारे १३ सेंटिमीटरचा फरक दाखवील.