ना बाटली, ना लेबल, ना जाहिरात. मग बिअरची ओळख सांगतं कोण? नळाचं हँडल!

डोंबिवली एमआयडीसी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते रासायनिक कारखाने. पण कल्याणच्या शेजारच्या याच डोंबिवलीत गेटवे ब्रुइंग कंपनीने क्राफ्ट बिअर बनवायला घेतली. २०१४ च्या सुमारास तिची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बिअर मुंबईतल्या पबमध्ये मिळू लागली. ती जायची केगमधून, म्हणजे स्टीलच्या पिंपातून.

आता गंमत बघा. पिंप असतं काउंटरखाली किंवा आत कोल्ड रूममध्ये. गिऱ्हाइकाला दिसतो फक्त नळ आणि तो उघडायचं हँडल. बाटलीवरचं लेबल जे काम करतं, ते सगळं या वीतभर दांड्याला करावं लागतं.

त्यात आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम २४ मादक पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी घालतं. मोठ्या कंपन्या सोडा आणि पाण्याच्या नावाखाली आपलं नाव मिरवतात. छोट्या ब्रुअरीकडे तेवढा पैसा कुठला?

हँडलवर नाव टाकण्यामागे जुनं कारणही आहे. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली. चांगल्या बिअरच्या नावाखाली स्वस्तातली बिअर खपवली जाऊ नये म्हणून नळावर ब्रँडचं नाव दिसलंच पाहिजे, असे नियम तिथे आले. आधी साधे गोल गोळे होते, पुढे कंपन्यांनी त्यालाच आपला चेहरा बनवलं.

पण हँडल म्हणजे शोपीस नव्हे. ते फार जड झालं तर नळ स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो आणि बिअर गळत राहते. फार रुंद झालं तर शेजारच्या नळाला अडतं. ओल्या हातातून निसटता कामा नये, आणि पबच्या मिणमिणत्या उजेडात दोन-तीन मीटरवरून ओळखू यायला हवं. म्हणून बारीक अक्षरांपेक्षा आकार आणि रंग जास्त बोलतात.

गिनेसचंच घ्या. या आयरिश कंपनीची वीणेसारख्या हार्पची खूण १८६२ पासूनची. पण तिचा खरा स्वभाव दिसतो तो नळाच्या चालीत. हँडल पुढे ओढून ग्लास बराचसा भरायचा, फेस बसेपर्यंत थांबायचं, मग हँडल मागे ढकलून वरचा थर चढवायचा. हे थांबणंच त्यांचा ब्रँड झालं.

मग ‘व्हाइट झेन’सारख्या बिअरला कसलं हँडल शोभेल? गेटवे ऑफ इंडियाची हुबेहूब कमान सुचायला सोपी, पण हाताला रुंद पडेल, आणि बिअरबद्दल ती काहीच सांगणार नाही. त्यापेक्षा फिकट रंगाचा, गुळगुळीत, गव्हाच्या ओंबीसारखा निमुळता दांडा बरा.

अर्थात पिंप बदललं की हँडलही बदलावं लागतं. शनिवारच्या गर्दीत बारटेंडर ते विसरला, तर गिऱ्हाईक एकाची बिअर पितं आणि नावं दुसऱ्याला ठेवतं.