मास्तरांनी घडवलेला नाताळ

श्टुटगार्टच्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. परदेशातून आलेला शिक्षक तेव्हाच रुजू होतो, पण रुळायला त्याला नोव्हेंबर उजाडतो. आधीचे दोन महिने कागदपत्रं खातात. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला न्यायचा. त्या अर्जात धर्माचाही रकाना असतो आणि आपण तो सवयीने भरून टाकू पाहतो. पण त्याचा संबंध थेट पगाराशी आहे. प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक म्हणून नोंद झाली की बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आयकराच्या 8 टक्के इतका चर्चकर पगारातून परस्पर कापला जातो, बव्हेरियातही 8, बाकीच्या राज्यांत 9. हिंदू माणसाला हा कर लागू नाही. रेडिओ-दूरचित्रवाणीची वर्गणी मात्र सहसा कुणाला चुकत नाही. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो.

पुण्यातून आलेल्या आमच्यासारख्यांना वाटतं, आपण जर्मन शिकून आलोय, मॅक्समुल्लर भवनाच्या पायऱ्या झिजवल्यात, आता काय अडणार? अडतं ते भलतीकडेच. जर्मनीत शिक्षण हा केंद्राचा विषय नाही. 16 राज्यं आणि 16 शिक्षण खाती. सरकारी माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाने दोन विषय शिकवायचे अशी इथली रीत, आणि आपल्याकडे बी.एस्सी., बी.एड. झालेल्या माणसाच्या पदवीवर बहुधा एकच विषय ठळक असतो. मग पात्रतेची मान्यता रेंगाळते. अनेकजण आंतरराष्ट्रीय शाळेत, द्विभाषिक बालवाडीत किंवा प्रौढांच्या सायंवर्गात शिकवू लागतात. मी गणिताची, माझीही वाट अशीच आंतरराष्ट्रीय शाळेतून गेली. जर्मन शाळेतल्या गुणांची गंमत मात्र शेजारपाजारच्या मुलांकडून कळली. 1 म्हणजे उत्तम, 6 म्हणजे नापास, आणि लेखी परीक्षेइतकंच वर्गात हात वर करून बोलण्यालाही वजन. आपल्याकडची गप्प बसणारी हुशार मुलगी इथे अर्धे गुण गमावून बसेल.

नोव्हेंबरात अंधार उतरतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात श्टुटगार्टला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. मुलं अंधारात शाळेत येतात आणि उशिरापर्यंत थांबणारी अंधारातच घरी जातात. आपली दिवाळी नुकतीच आटोपलेली असते, आणि 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, बालवाडीची पोरं स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला लावून मिरवणूक काढतात. पुढे बहुधा घोड्यावर बसलेला मार्टिन असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा तो रोमन शिपाई. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, या देशात सणाचं काम शाळेकडे सोपवलेलं दिसतंय.

हा नुसता भास नव्हता. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आडव्हेंट. या काळात जर्मन घरात जे जे दिसतं, त्यातलं बरंच कुठल्या ना कुठल्या शिक्षकाच्या हातून आलेलं आहे.

चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं घ्या. हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिश विशर्न या धर्मशास्त्रज्ञाने गरीब, निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचा आश्रम काढला होता. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? 1839 मध्ये विशर्नने गाडीचं जुनं चाक टांगलं आणि त्यावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलांचा प्रश्न तर सुटलाच, शिवाय पोरं मोजायलाही शिकली. त्या वर्षी पहिला रविवार 1 डिसेंबरला आला होता, त्यामुळे एकूण 24 मेणबत्त्या लागल्या. हा आकडा दरवर्षी बदलतो, कारण पहिला रविवार 27 नोव्हेंबरपासून 3 डिसेंबरपर्यंत कधीही येऊ शकतो. वर्गात फळ्यावर लिहायला याहून चांगलं उदाहरण मला आजवर मिळालेलं नाही. पुढे लहान मेणबत्त्या गळल्या आणि घराघरांत चारच उरल्या.

दुसरी वस्तू पाहून मराठी माणूस थबकतोच. घरांच्या ओसरीत, चर्चमध्ये, दुकानांत टोकदार कागदी तारा उजळलेला असतो, आणि पहिला विचार येतो: अरे, आकाशकंदील! हा हेर्नहूटचा तारा. सॅक्सनीच्या पूर्व टोकाला हेर्नहूट हे मोरावियन बंधुसंघाचं गाव आहे. या पंथाचे लोक धर्मप्रसारासाठी जगभर जात आणि त्यांची मुलं मागे वसतिगृहात राहत. निस्की गावच्या त्यांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे तारे बनवले गेले. ते मुलांना भूमिती शिकवण्याचं साधन होतं. पुढे त्याच परंपरेतल्या पीटर हेन्ड्रिक फेरबेकने त्याचा व्यवसाय केला. आजच्या ताऱ्याला 25 टोकं असतात. 18 चौरस आणि 8 त्रिकोण अशा 26 बाजूंचा घन घ्यायचा, प्रत्येक बाजूवर एक सुळका उभा करायचा, वरची एक बाजू दिव्यासाठी मोकळी सोडायची. म्हणजे 17 चौकोनी सुळके आणि 8 त्रिकोणी. आई-बाप ग्रीनलंड किंवा सुरिनामला, पोरं वसतिगृहात, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी मास्तर त्यांच्याकडून घनाकृती घडवून घेतोय. याच मोरावियन मंडळींनी 1850च्या दशकात हिमालयात लाहौलमधल्या केलाँगलाही ठाणं मांडलं. तिथून पाठवलेल्या पोरांनीही असे तारे जोडले असतील का, हे मला कधीतरी शोधायचंय.

तिसरी वस्तू म्हणजे 24 खिडक्यांचं कॅलेंडर. रोज एक खिडकी उघडायची, आत चित्र किंवा चॉकलेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांगने ते छापून विकायला सुरुवात केली. लांग मूळचा श्टुटगार्टपासून फार दूर नसलेल्या माउलब्रोनचा, पाद्र्याचा मुलगा. सांगतात की लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर 24 छोटी बिस्किटं शिवून द्यायची, रोज एक खायची. दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे ही छपाई थांबली. युद्ध संपल्यावर बेचिराख श्टुटगार्टमध्ये रिशार्ड झेलमरने पुन्हा नवी कॅलेंडरं काढली. इथे श्रेय आईकडे जातं, पण पहिल्या गुरूचं नाव कोणी विचारलं तर मराठी माणूस आईचंच सांगतो.

गाण्यांचंही तेच. लाइपझिगचा शिक्षक अर्न्स्ट आन्शुट्स याने 1824 मध्ये सूचिपर्णी झाडाच्या जुन्या गाण्याला नवे शब्द लिहिले, तेच ‘ओ टानेनबाउम’ आज जगभर गातात. ‘श्टिले नाख्ट’ हे त्याहून प्रसिद्ध गाणं ऑस्ट्रियातलं. 1818च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याची चाल बांधणारा फ्रान्त्स झाव्हेर ग्रूबर आर्न्सडोर्फ गावचा शाळामास्तर होता. लेखणी कुणाचीही असो, पेटी मास्तरांकडेच असते.

हे सगळं मला पुस्तकांतून जेवढं कळलं, तेवढंच मुलांकडून. प्रत्येक नव्या शिक्षकाचा हा हक्काचा फायदा आहे. परक्या देशात प्रौढांना बावळट प्रश्न विचारायला लाज वाटते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र आनंदच होतो. भेट आणणारा येशूबाळ की पांढऱ्या दाढीचा म्हातारा, यावर आमच्या वर्गात वाद रंगला आणि त्यात मला कळलं की दक्षिणेकडे येशूबाळ आणि उत्तरेकडे म्हातारा अशी मोठी ढोबळ वाटणी आहे. 6 डिसेंबरला निकोलाउस येतो तो वेगळाच, आणि त्याच्यासाठी बूट आदल्या रात्री घासून पुसून ठेवावा लागतो.

बाजाराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. श्टुटगार्टच्या नाताळबाजाराचा उल्लेख 1692 पासून सापडतो. दुकानांच्या छपरांवर देखावे मांडण्याची चढाओढ हे त्याचं वैशिष्ट्य. ड्रेस्डेनचा बाजार 1434 पासूनचा. मसाला घालून गरम केलेली वाइन मग भरून मिळते, मगाची अनामत वेगळी घेतात, मग परत केला की पैसे परत. बिस्किटांचा वास मात्र आपलाच वाटतो: दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ. मध्ययुगात हे मसाले व्हेनिसमार्गे न्युर्नबर्गसारख्या व्यापारी शहरांत पोहोचत, आणि त्यांच्यासोबतची बरीचशी मिरी मलबार किनाऱ्याहून गेलेली असे. इथल्या बायका नोव्हेंबरअखेरपासून बिस्किटांचे डबे भरतात, त्या बिस्किटांना ‘गुत्सले’ म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या आजींनी एक डबा दिला. मी तो चकल्यांनी भरून परत केला, तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा आमचं बोलणं जिन्यातल्या झाडलोटीच्या पाळीपलीकडे गेलं. ही पाळी, ‘केरवोखे’, हा श्वाबियातला, म्हणजे आमच्या या भागातला, कर्मकांडाचा विषय आहे. आठवडाभर सामायिक जिना पुसायचा, दारावर टांगलेली पाटी मग शेजाऱ्याकडे सरकवायची.

भेटवस्तूंबाबत सरकारी शाळेतल्या शिक्षकांना सांभाळून राहावं लागतं, कारण तिथे अनेकजण सरकारी सेवक असतात. बर्लिनमध्ये एका शिक्षिकेने वर्गाने दिलेली सुमारे 200 युरो किमतीची छोटी शिल्पकृती घेतली, तर प्रकरण मिटवायला तिला 4000 युरो भरावे लागले. 2015 मध्ये हे गाजलं. गुरुपौर्णिमेला हातातल्या शाली सावरत घरी येणाऱ्यांना ही बातमी खोटी वाटेल.

खरी परीक्षा 24 डिसेंबरला. कायद्याने दुकानं दुपारी दोनला बंद. 25 आणि 26 सुट्टी. त्याला लागून रविवार आला तर सलग तीन दिवस दूध मिळण्याची पंचाईत. रविवारची शांतता हा इथे घटनेने राखलेला विषय आहे. 1919च्या वायमार संविधानातलं कलम आजच्या मूलभूत कायद्यात जसंच्या तसं सामावून घेतलेलं आहे. बर्लिनने आडव्हेंटचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते, तर सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने 2009च्या डिसेंबरमध्ये ते रद्द केलं. ज्या गावात लक्ष्मीपूजनाला बाजारपेठ सर्वांत उशिरापर्यंत उघडी असते, तिथून आलेल्या माणसाला हा उलटा हिशेब पचायला वेळ लागतो.

24 ला संध्याकाळी रस्ते ओस पडतात. जेवण बऱ्याच घरांत साधं: बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. शाकाहाऱ्याला बटाट्यावर भागवावं लागतं, तेही मांसाचं पाणी घातलेलं नाही ना हे विचारूनच, कारण श्वाबियातल्या सॅलडमध्ये हमखास असतं. भेटी त्याच रात्री उघडतात. सण दाराआड होतो, आणि बोलावल्याशिवाय कुणी दार ठोठावत नाही. म्हणूनच माझं ठाम मत आहे की नव्याने आलेल्याने ओळखी आडव्हेंटमध्ये करून घ्याव्यात. त्या चार आठवड्यांत शाळेत, मंडळात, इमारतीत सगळे एकमेकांना चहा-बिस्किटांना बोलावतात. 24 ला दार बंद झालं की सगळं जानेवारीपर्यंत थांबतं. त्या वर्षी आजींनी मला 26 ला कॉफीला बोलावलं. चार वाजता म्हणजे चारलाच.

31 डिसेंबरला दिवाळीची पोकळी अचानक भरून निघते. एरवी शिस्तीचा हा देश त्या रात्री बेफाम फटाके उडवतो. विक्री फक्त वर्षाच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवसांत, आणि उडवायला परवानगी 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला. ‘डिनर फॉर वन’ ही इंग्रजी विनोदी नाटिका दरवर्षी टीव्हीवर लागते. 1963 मध्ये उत्तर जर्मन वाहिनीने ती हॅम्बुर्गला चित्रित केली, त्यात फ्रेडी फ्रिंटन आणि मे वॉर्डन आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्या सहकाऱ्याला हे ऐतं मिळालेलं दृक्‌श्राव्य साधन. वर्गात विचारलं की अर्धी मुलं संवाद पाठ म्हणून दाखवतात.

6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया आणि सॅक्सनी-आनहाल्टमध्ये सुट्टी असते. त्या सुमारास राजांचे मुकुट घातलेली मुलं दारोदार गात फिरतात, देणगी गोळा करतात आणि खडूने दारावर वर्ष आणि C+M+B लिहितात. 1959 पासून चाललेल्या या मोहिमेतून जगभरातल्या मुलांच्या प्रकल्पांना पैसे जातात. मग गल्लीगल्लीत नाताळची वाळकी झाडं रस्त्यावर येतात, बऱ्याच गावांत युवक संघटना थोड्या देणगीवर ती उचलून नेतात, आणि शाळा सुरू होते.

वर्षभराची सुट्टी राज्यांनी 1964च्या हॅम्बुर्ग करारात 75 दिवसांवर बांधून टाकली आहे, वाटणी ज्याची त्याने करायची. त्यात दिवाळी नाही, हे सांगायला नको. पण शरद ऋतूची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर येते. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन तिच्यात बरोबर बसलं. 2025 मध्ये सुट्टी आठवडाभर उशिरा आली आणि फराळ शाळेतून घरी येऊन रात्री तळावा लागला.