दगडी पायऱ्यांचे डोंगर

कल्याणहून कर्जतकडे जाणारी आगगाडी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे ओलांडीत धावते. या प्रवासात उजव्या हाताला मलंगगड, तावली, चंदेरी अशी डोंगरांची रांग दिसते. पावसाळ्यात त्यांचे रूप फार मनोहर असते. काळा उभा कडा, त्याखाली हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशा जणू प्रचंड पायऱ्याच तेथे रचलेल्या आहेत. या पायऱ्या घडल्या कशा?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो दूरवर पसरे, निवे आणि त्यावर पुन्हा नवा थर येई. असे थर साचून बेसॉल्ट नावाचा काळा कातळ तयार झाला. ज्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो सच्छिद्र व ठिसूळ झाला. उरलेला भाग टणक झाला. पुढे पावसाने ठिसूळ थर झिजले व तेथे उतार झाले. टणक थरांना निवताना उभ्या चिरा पडल्या होत्या. खालचा आधार झिजला, की वरचे दगड या चिरांपाशी सुटून कोसळतात. म्हणून कडा मागे सरकतो, तरी उभाच राहतो.

डोंगराच्या या घडणीचा माणसाने उपयोग करून घेतला. मलंगगडाच्या सपाट टप्प्यांवर माच्या वसल्या आणि कड्याच्या माथ्यावर बालेकिल्ला झाला. १७८० साली इंग्रजांनी खालची पीरमाची घेतली. परंतु वरच्या उभ्या कड्याने त्यांना अडवून धरले. अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिरही अशाच काळ्या दगडाचे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष कोरलेले आहे.

डोंगरांची ही झीज आजही चालू आहे. चंदेरीसारख्या डोंगराच्या चढणीवर सुटे दगड व बारीक खडे पसरलेले असतात. यालाच घसारा म्हणतात. घसाऱ्यावर पाय निसटतो आणि सुटलेला धोंडा मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. यासाठी डोंगर चढताना वाटेचा जाणकार बरोबर असावा. दोघांत पुरेसे अंतर राखावे, दगड सुटताच मोठ्याने ओरडून इतरांना सावध करावे आणि भर पावसात कड्याखाली थांबू नये. ज्या झिजेने हे सुंदर कडे घडविले, तीच बेसावध माणसाच्या जिवावर बेतू शकते.