विश्लेषण : छताखाली जीपीएस निकामी, मग ड्रोनला आपली जागा कळते कशी?

मोकळ्या मैदानात एका जागी स्थिर राहणारा ड्रोन गोदामात शिरला की भरकटू शकतो. खाली माणसे काम करत असतील, तर ही चूक महागात पडते. त्यावरचा एक उपाय म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी) रेडिओ लहरी.

जीपीएस का चालत नाही?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो आणि काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा त्याला अडवतो. उघड्यावरही चूक काही मीटरची असते. दोन रॅकमधल्या अरुंद वाटेत तेवढी चूक म्हणजे थेट धडक.

मग वायफाय का नको?

वायफायच्या सिग्नलची ताकद मोजून अंतराचा अंदाज बांधता येतो. पण मध्ये कुणी उभे राहिले तरी ही ताकद बदलते, त्यामुळे अंदाज मीटरभर, कधी त्याहूनही जास्त चुकतो.

यूडब्ल्यूबी काय वेगळे करते?

ते ताकद नव्हे, सिग्नलच्या प्रवासाचा वेळ मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. यूडब्ल्यूबीचे स्पंद अतिशय आखूड असल्याने थेट आलेला सिग्नल आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखता येतात. खोलीत ठरावीक जागी बसवलेल्या किमान चार ‘अँकर’पासूनचे अंतर कळले की ड्रोनची जागा उंचीसह काढता येते. स्वीडनच्या बिटक्रेझ कंपनीचा २७ ग्रॅमचा ‘क्रेझीफ्लाय’ ड्रोन याच तंत्राने साधारण १० सेंटीमीटरपर्यंतची अचूकता गाठतो.

एकाच वेळी अनेक ड्रोन उडू शकतात?

होय. ड्रोनने प्रत्येक अँकरशी संदेशांची देवाणघेवाण केली, तर प्रत्येकाला पाळी लावावी लागते. दुसऱ्या पद्धतीत ड्रोन फक्त ऐकतो आणि सिग्नल पोहोचण्यातील वेळेच्या फरकावरून जागा काढतो. त्यामुळे ड्रोनच्या संख्येला मर्यादा राहत नाही. मात्र अँकरच्या घड्याळांचा मेळ अचूक हवा.

अडचणी कोणत्या?

लोखंडी रॅकने थेट मार्ग अडवला, तर वळसा घेऊन आलेला सिग्नल अंतर जास्त दाखवतो. सगळे अँकर एकाच उंचीवर बसवले, तर ड्रोनची उंची नीट कळत नाही. म्हणून जोडीला गतिसंवेदक आणि जमिनीपासूनचे अंतर मोजणारा लेझर वापरला जातो.

त्यामुळे अशी यंत्रणा घेताना ‘अचूकता किती?’ एवढेच विचारून भागत नाही. सिग्नल तुटल्यावर ड्रोन काय करतो, हे खाली काम करणाऱ्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे.