बुरशी, ढेप, डुक्कर आणि दोन लाल रेघा

सरकीच्या ढेपेचा विषय निघाला की अकोल्याचं नाव घ्यावंच लागतं, राजेहो! एनसीडीईएक्सच्या वायदेबाजारात ढेपेच्या सौद्याचं सांकेतिक नाव ‘सीओसीयूडीएकेएल’ आहे. त्यातलं शेवटचं ‘एकेएल’ म्हणजे आपलं अकोला. पण हीच ढेप पावसात भिजली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरसटलेली ढेप आज म्हशीपुढे पडली की उद्याच्या दुधात त्या विषाचा भाऊबंद, अफ्लाटॉक्सिन एम1, हजर! पोटात गेलेल्या विषापैकी साधारण एक-दोन टक्केच दुधात उतरतं, पण दूध कितीही उकळा, ते जात नाही. ढेप बदलली तर मात्र चार-पाच दिवसांत दूध सुधारतं.

अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआयने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने गोळा केले. त्यातल्या 368 नमुन्यांत एम1 मर्यादेपेक्षा जास्त निघालं. आपण मात्र अजून पाण्याच्याच नावाने गवळ्याशी भांडतो.

मर्यादा तरी किती? धान्य-डाळींत अफ्लाटॉक्सिनची किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा क्विंटल मालात फक्त 15 मिलिग्रॅम विष! गंमत पुढेच आहे. हे विष पोत्यात सारखं पसरत नाही. शेंगदाण्याच्या एकाच दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या प्रमाणात ते सापडलेलं आहे आणि शेजारचा दाणा अगदी स्वच्छ. त्यामुळे वरवरची मूठभर शेंग उचलून महागड्या यंत्रात घातली तरी उत्तर नशिबावर. पोतं वरून, मधून, खालून तपासायचं, सगळं एकत्र दळायचं आणि मग नमुना घ्यायचा. चाचणीतली निम्मी अक्कल इथेच खर्च होते.

आता त्या लाल रेघांकडे वळू. करोनाच्या काळात सगळ्यांनी पट्टी पाहिली: दोन रेघा आल्या की धडधड सुरू. अफ्लाटॉक्सिनच्या पट्टीवर नेमकं उलटं असतं. दोन रेघा म्हणजे माल मर्यादेत, चाचणीची रेघ गायब म्हणजे विष! विषाचा रेणू इतका लहान, की त्याला दोन्हीकडून पकडता येत नाही. म्हणून तो रेघेवरची जागा अडवतो आणि रेघ उमटूच देत नाही. गोदामातल्या पोऱ्याला हे कोणी सांगितलं नसेल, तर चांगला माल परत जाईल आणि वाईट माल भट्टीपर्यंत पोचेल. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने अशीच एक स्वस्त पट्टी तयार केली आहे. पाव तासाच्या आत निकाल आणि खर्च सुमारे दोन डॉलर.

पण पट्टी खरं बोलते हे कोणी ठरवायचं? इथे चाचणीचीच परीक्षा होते आणि ती दहावी-बारावीपेक्षा कडक असते. आयएसओ 16140 या मानकानुसार साल्मोनेला हा जिवाणू शोधणाऱ्या किटला साल्मोनेलाचे 100 वेगवेगळे वाण ओळखून दाखवावे लागतात. शिवाय साल्मोनेलासारखे दिसणारे निदान 30 तोतये नाकारावे लागतात. त्यात आणखी एक खोडी असते. नमुन्यांत जिवाणू मुद्दाम इतके कमी मिसळतात, की शंभरातल्या 25 ते 75 नमुन्यांतच ते सापडावेत. सगळेच सापडले तर पेपर सोपा होता, फेरी बाद! आपल्याकडे अशा किटना एफएसएसएआय ‘राफ्ट’ योजनेखाली तपासून मान्यता देते.

‘झटपट’ या शब्दावर फार जाऊ नका. नियम म्हणतो, 25 ग्रॅम अन्नात एकही साल्मोनेला नको. एकटा जिवाणू कुठल्याही पट्टीला दिसत नाही. त्याला आधी रात्रभर उबेत खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं. म्हणून झटपट चाचणीलाही जवळपास एक दिवस लागतो. जुन्या पद्धतीने चार-पाच दिवस.

वऱ्हाडी मसाला तर चाचणीलाही झोंबतो. लवंग जिवाणूंची वाढ रोखते, मग प्रयोगशाळेत जिवाणू वाढणार कसा आणि सापडणार कसा? म्हणून लवंगेचा नमुना हजारपट पातळ करतात, दालचिनीचा शंभरपट. लसूण-कांद्याच्या पुडीत पोटॅशियम सल्फाइट घालून तिचा ताठा मोडतात. दुधावर पास झालेलं किट काळ्या मसाल्यावर पास होईलच असं नाही. त्या पदार्थावर ते वेगळं तपासावं लागतं.

हॉटेलचा ओटा स्वच्छ आहे का, हे काजव्याच्या रसायनाने कळतं. काजवा ज्याने चमकतो ते ल्युसिफरेज कापसाच्या बोळ्यावर असतं. घाण असली की उजेड पडतो, तोही काही सेकंदांत. पण तो जिवाणूंचा आहे की कालच्या रश्श्याचा, ते मात्र काजव्याला सांगता येत नाही.

जुनी माणसं किटशिवायही धाडसी होती. बार्बर नावाच्या संशोधकाने फिलिपिन्समध्ये निरोगी गाईचं दूध तासनतास बाहेर ठेवून स्वतः प्यायलं, तो आजारी पडला आणि त्याने 1914 मध्ये स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष जगासमोर मांडलं. फोडणीचा भात आवडणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू सेरुलाइड नावाचं जे विष सोडतो, ते फोडणीला भीत नाही. 121 अंशांनाही टिकतं. ते ओळखायला हेलसिंकीतल्या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये डुकराचे शुक्राणू वापरले. विष असलं की त्यांची वळवळ थांबते. बाप्पा!

हसू आवरून आता भगरीकडे. 20 फेब्रुवारी 2024, एकादशीची रात्र. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्यात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत बजावतं, की भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी लवकर येते आणि फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार होतात. आता अफ्लाटॉक्सिनची पट्टी अशा भगरीत बुडवली तर ती दोन रेघा दाखवून मोकळी होईल. तिला जे विचारलं, तेवढंच ती सांगते. ‘किट निगेटिव्ह’ म्हणजे ‘अन्न सुरक्षित’ असं समजणाऱ्या बातम्या मला म्हणूनच धोकादायक वाटतात.

पट्टीवर कोर्टात खटलाही चालत नाही. कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाचा अहवाल 14 दिवसांत यावा लागतो. त्यासाठी नमुना तर हवा! पंगतीनंतर उलट्या सुरू झाल्या की घाबरून आधी पातेली घासली जातात आणि पुरावा मोरीत जातो. तसं करू नका. आधी दवाखाना गाठा, उरलेलं अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवा, भगरीचं पाकीट जपा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल-फ्री क्रमांकावर फोन लावा.