वालधुनीकाठची प्रयोगशाळा

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये बजावलं. पुस्तक आलं, परीक्षाही आली. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाणारी वालधुनी नदी मात्र सांडपाणीच वाहत राहिली. तिचा नमुना शिक्षकांनी हातमोजे घालून आणावा. मुलांनी त्यात हळदीचा कागद बुडवावा: पाणी चांगलंच अल्कधर्मी असेल, तर पिवळा कागद तांबूस होतो. आम्ल हळदीला कळत नाही, त्याला जास्वंदीचा रस हवा.

मग शाळेची गच्ची मोजा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पडला, की झाले ५० हजार लिटर! शेजारच्या बदलापूरकरांना असा पाऊस नवा नाही. हे पाणी शौचालयासाठी साठवा. पहिल्या सरींचं तेवढं सोडून द्या, त्यात गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते.